इकितोसला आलेला साक्षीदार : रॉजर केसमेंट

पेरू देशाच्या ईशान्येस, अॅमेझॉन नदीच्या काठी इकितोस नावाचे शहर आहे. देशाच्या इतर भागांतून तेथे मोटारीने जाता येत नाही. आजही तेथे विमानाने जावे लागते, नाहीतर नदीतून बोटीने. अटलांटिक महासागर तेथून नदीमार्गाने साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर आहे, पण नदी इतकी खोल आणि रुंद की समुद्रावरच्या आगबोटी शंभर वर्षांपूर्वीही थेट या गावाच्या धक्क्याला लागत. चोहोबाजूंनी घनदाट वर्षावन आणि पलीकडे ब्राझील, कोलंबिया व इक्वेडोर या देशांच्या सीमा, ज्या त्या काळी नकाशावरसुद्धा नीट आखलेल्या नव्हत्या. अशा या आडबाजूच्या गावी ३१ ऑगस्ट १९१० रोजी एक उंच, दाढीधारी आयरिश गृहस्थ बोटीतून उतरले. दुसऱ्या दिवशी त्यांना शेहेचाळीस वर्षे पूर्ण होणार होती. त्यांचे नाव रॉजर केसमेंट. ते ब्रिटिश सरकारचे वाणिज्यदूत होते आणि सरकारच्याच आदेशावरून एका चौकशीसाठी आले होते.

केसमेंट हे संत नव्हेत. ख्रिस्तसभेने त्यांना वेदीचा मान दिलेला नाही आणि पुढे देईल असे आम्हांलाही वाटत नाही. त्यांच्या आयुष्याच्या अखेरीस तर अशा काही गोष्टी उघड झाल्या की अनेक सज्जनांनी त्यांचे नाव घेणेच टाकले. तरीदेखील आमच्या वाचकांना त्यांचा परिचय करून द्यावा असे आम्हांला वाटते, कारण ज्या गावात सर्वांना सर्व ठाऊक होते आणि कोणीच काही बोलत नव्हते, त्या गावात जाऊन त्यांनी पाहिले, ऐकले, मोजले आणि लिहिले.

त्यांचा जन्म १ सप्टेंबर १८६४ रोजी डब्लिनजवळ सँडीकोव्ह येथे झाला. वडील लष्करात कॅप्टन होते व पंथाने प्रोटेस्टंट. मुलांनीही त्याच पंथात वाढावे अशी घरची रीत होती. परंतु रॉजर सुमारे चार वर्षांचे असताना, १८६८ साली, वेल्समधील ऱ्हिल या गावी आईने आपल्या मुलांना गुपचूप कॅथलिक धर्मगुरूंकडे नेऊन स्नानसंस्कार देवविला. धर्मगुरूंनी नोंद केली, रजिस्टर मिटले आणि गोष्ट तेथेच राहिली. मुलगा नऊ वर्षांचा असताना आई वारली आणि पुढे चार वर्षांनी वडीलही गेले. उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर प्रांतात प्रोटेस्टंट नातेवाइकांच्या घरी तो लहानाचा मोठा झाला. ऱ्हिलच्या त्या रजिस्टरकडे आपल्याला शेवटी परत यायचे आहे.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीत कारकुनी मिळाली आणि त्या नोकरीतूनच आफ्रिकेची वाट सापडली. १८८४ साली ते काँगोला गेले. बेल्जियमचे राजे लिओपोल्ड दुसरे यांनी तेथे सुधारणा, शिक्षण व गुलामगिरीचा नायनाट यांच्या नावाने आपले खाजगी राज्य उभारण्यास आरंभ केला होता, आणि तरुण केसमेंट यांचाही सुरुवातीला त्या घोषणांवर विश्वास होता. पुढे ते ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या सेवेत शिरले. १९०३ साली त्यांनी काँगो नदीच्या वरच्या खोऱ्यात प्रवास करून रबरासाठी होणाऱ्या जुलमांचा अहवाल तयार केला. १९०४ साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा युरोप हादरला, आणि १९०८ साली लिओपोल्ड राजांना आपले काँगोचे राज्य बेल्जियम सरकारकडे सोपवावे लागले. काँगोची हकिकत मोठी आहे आणि पुष्कळांनी लिहिली आहे, म्हणून आम्ही येथे तिचा विस्तार करीत नाही.

या साऱ्याच्या मुळाशी रबर होते. १८८८ साली बेलफास्ट शहरात डनलॉप नावाच्या पशुवैद्याने हवेने भरलेली धाव तयार केली. सायकली वाढल्या, पाठोपाठ मोटारी आल्या आणि रबराचा भाव चढत गेला. रबराचा चीक देणारी झाडे त्या वेळी प्रामुख्याने अरण्यातच होती आणि अरण्यात राहणारी माणसे कोणाच्या हिशेबात नव्हती. इकितोस हे अठराव्या शतकातील जेजुईट मिशनच्या प्रदेशातील एक लहानसे खेडे. ते या रबराच्या पैशाने दोन दशकांत शहर झाले. पोर्तुगालहून आणलेल्या रंगीत फरशा घरांच्या दर्शनी भिंतींना लागल्या. युरोपातून सुट्या भागांत आणलेले संपूर्ण लोखंडी घर चौकात उभे राहिले आणि ते आजही तेथे आहे. १९०० साली रोमने त्या प्रदेशासाठी स्वतंत्र प्रेषितीय प्रीफेक्चर स्थापन केले व पुढल्या वर्षी स्पेनहून ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू येऊन दाखल झाले. (पोप लिओ चौदावे हे याच संघाचे. त्यांनीही पेरू देशात दीर्घकाळ सेवा केली आहे, परंतु ती देशाच्या वायव्य भागात.) मूठभर धर्मगुरू, एखाद्या मोठ्या देशाएवढे अरण्य आणि रस्ता म्हणजे केवळ नदी, अशी त्या मिशनची परिस्थिती होती.

गावाचा खरा धनी मात्र हुलिओ सेसार आराना नावाचा व्यापारी होता. तोही १८६४ सालीच जन्मलेला. टोपल्या विणाव्यात तशा गवताच्या टोप्या विणून विकणाऱ्याच्या घरात तो वाढला, टोप्या विकतविकत अरण्यात शिरला आणि रबराच्या व्यापारात गबर झाला. १९०२ साली तो इकितोसचा नगराध्यक्ष होता. पुतुमायो नदीच्या खोऱ्यात, जेथे पेरू आणि कोलंबिया या दोन्ही देशांचा दावा होता आणि म्हणून दोहोंपैकी कोणाचाच कायदा चालत नव्हता, तेथे त्याने आपले साम्राज्य वसवले. १९०७ साली त्याने लंडनमध्ये दहा लाख पौंड भांडवलाची कंपनी नोंदवली. तिच्या संचालक मंडळावर प्रतिष्ठित इंग्रज गृहस्थ घेतले, ज्यांनी पुतुमायो नदी कधी पाहिली नव्हती.

त्या खोऱ्यात वितोतो, बोरा, आंदोके, ओकाइना अशा जमाती राहत. त्यांना बंदुकीच्या धाकाने पकडून आणावयाचे, चाकू किंवा सदऱ्यासारखी क्षुल्लक वस्तू देऊन कर्जदार ठरवावयाचे आणि मग आयुष्यभर रबर आणावयास लावावयाचे, अशी ती पद्धत होती. आपल्याकडील वेठबिगारीची आठवण वाचकांना होईल, पण येथे शेत नव्हते, गाव नव्हते, तक्रार ऐकणारा तलाठीसुद्धा नव्हता. ठरलेल्या मुदतीनंतर माणूस चीक वाहून आणी आणि तो काट्यावर चढे. काटा अपेक्षित आकड्यावर पोहोचला नाही की वजन करून घेणारा मनुष्य स्वतःच पालथा पडून फटक्यांची वाट पाहत राही, असे साक्षीदारांनी सांगितले आहे.

इकितोसमध्ये हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. बेंजामिन साल्दान्या रोका नावाच्या एका पत्रकाराने १९०७ साली आरानाच्या माणसांविरुद्ध न्यायालयात तक्रार दाखल केली आणि आपल्या दोन छोट्या नियतकालिकांतून साक्षीदारांच्या जबान्या नावानिशी छापल्या. न्यायालय हलले नाही. पुढच्या वर्षी या पत्रकारालाच गाव सोडावे लागले. ते लिमा शहरी गरिबीत वारले. त्यांचे नाव केसमेंट यांच्याइतके प्रसिद्ध नाही याचे आम्हांला वाईट वाटते, कारण केसमेंट यांच्या पाठीशी एक साम्राज्य होते आणि साल्दान्या रोका यांच्या पाठीशी कोणी नव्हते. वॉल्टर हार्डनबर्ग नावाचा एक तरुण अमेरिकन अभियंता त्याच सुमारास पुतुमायो नदीतून येताना आरानाच्या माणसांच्या हाती सापडला आणि कसाबसा सुटून इकितोसला पोहोचला. तेथे त्याने या जबान्या गोळा केल्या, लंडनला नेल्या आणि १९०९ साली त्या एका साप्ताहिकात प्रसिद्ध झाल्या.

ब्रिटिश सरकारला पेरूच्या कारभारात बोट घालण्याचा अधिकार नव्हता. परंतु आरानाने वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावरून सुमारे दोनशे कृष्णवर्णीय मजूर मुकादमीसाठी आणले होते आणि ते ब्रिटिश प्रजाजन होते. त्यांची विचारपूस करणे हे वाणिज्यदूताचे कर्तव्यच ठरत होते. या लहानशा कायदेशीर फटीतून केसमेंट इकितोसला पोहोचले. त्यांच्यासोबत कंपनीने स्वतःच नेमलेले एक चौकशी मंडळही होते.

गावात ते दोन आठवडे राहिले. तेथील ब्रिटिश व्हाइस कॉन्सलच्या घरीच त्यांचा मुक्काम होता. हा व्हाइस कॉन्सल मुळात व्यापारी होता आणि त्याचे आरानाच्या पेढीशी देवघेवीचे संबंध होते. त्यामुळे त्याला पुष्कळ माहीत होते आणि फार थोडे सांगावयाचे होते. सीमेवरच्या अशा गावात परका मनुष्य आला की त्याला मेजवान्या मिळतात, शहर दाखवले जाते आणि अरण्यातील हवा वाईट असल्याचे वारंवार सांगितले जाते. केसमेंट यांनी मेजवान्या घेतल्या, पण फावल्या वेळात गावात राहिलेल्या बार्बाडोसच्या माणसांना एकेक करून बोलावले. त्यांपैकी फ्रेडरिक बिशप नावाचा एक जण बोलू लागला, आणि त्याने सांगितलेले ऐकून केसमेंट यांनी त्याला वाटाड्या म्हणून बरोबर घेतले. १४ सप्टेंबर रोजी आरानाच्याच लिबेराल नावाच्या बोटीतून सर्व मंडळी निघाली. ज्याची चौकशी करावयाची त्याच्याच बोटीत बसून जावयाचे, त्याच्याच ठाण्यावर जेवावयाचे आणि त्याच्याच दुभाष्यांवर अवलंबून राहावयाचे, असा तो प्रवास होता.

२२ सप्टेंबरला ते ला चोरेरा येथे, कंपनीच्या मुख्य ठाण्यावर पोहोचले. तेथे दुसऱ्याच दिवशी जे घडले ते आम्हांला या साऱ्या जीवनकथेत सर्वांत महत्त्वाचे वाटते. केसमेंट यांनी ठाण्यावरील बार्बाडियन माणसांना बंद खोलीत न बोलावता चौकशी मंडळासमोर आणि ठाण्याचा प्रमुख व्हिक्तोर मासेदो याच्या देखत प्रश्न विचारले. त्यांच्यापैकी जोशुआ डायल नावाच्या माणसाने उभे राहून सांगितले की वरिष्ठांच्या हुकमावरून पाच इंडियनांच्या हत्येत आपला हात होता. कोणाला कसे मारले तेही त्याने सांगितले. आम्ही पापनिवेदनपीठात बसतो तेव्हा पडदा असतो, गुप्ततेची शपथ असते, तरीही माणसाच्या तोंडून शब्द निघावयास किती वेळ लागतो हे आम्ही जाणतो. येथे पडदा नव्हता. ज्याने हुकूम दिले त्या कंपनीचा माणूस समोर बसला होता, त्याच्याजवळ बंदुका होत्या आणि परतीची बोटही त्याचीच होती. या जबान्या ऐकून कंपनीचे प्रतिनिधी हुआन तिसोन यांनी त्या खऱ्या मानल्या. तेथपासून पुढचे काम पुरावा जमवण्याचे राहिले.

पुढचे दोन महिने केसमेंट ठाण्यामागून ठाणे पालथे घालीत हिंडले. ओक्सिदेंते, उल्तिमो रेतिरो, एंत्रे रियोस, मातान्सास अशी ती ठाणी होती. मातान्सास या शब्दाचा स्पॅनिश भाषेतील अर्थच कत्तली असा आहे. तेथील प्रमुख आर्मांदो नोर्मांद याचे काही शिक्षण लंडनमध्ये झाले होते, ही गोष्ट केसमेंट यांना विशेष बोचली. ठाण्याठाण्यांवर त्यांनी लाकडी खोडे पाहिले. पायांची भोके इतकी अंतरावर आणि इतकी अरुंद की अडकवलेला मनुष्य पाय फाकलेल्या अवस्थेत दिवसचे दिवस पडून राही. टापीर या प्राण्याच्या कातड्याचे पीळदार आसूड त्यांनी पाहिले. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पाठीवर आणि मांड्यांवर वळ होते, पुरुषांच्या, स्त्रियांच्या आणि लहान मुलांच्याही. त्या वळांना तेथे आरानाची खूण असे नाव पडले होते.

त्यांच्या कामाची पद्धत साधी होती. रबराची ओझी घेऊन चाललेली रांग दिसली की ते एखाद्याचे ओझे उतरवून वजन करवून घेत. स्वतः उचलून पाहत. वाहणाऱ्याच्या अंगाचे मांस किती झडले आहे ते पाहत. या लोकांना दिवसेंदिवस चालावयास लावून वाटेत अन्न देत नसत. केसमेंट यांनी आपल्याजवळचे डबाबंद अन्न त्यांच्यात वाटले आणि तेही लिहून ठेवले. दिवसा जबान्या, रात्री रोजनिशी. मध्येच त्यांचे डोळे सुजून लाल झाले, तरी लिहिणे सुटले नाही. शेवटी तीस बार्बाडियन माणसांच्या जबान्या त्यांच्या संग्रही आल्या.

या माणसांकडे त्यांनी केवळ साक्षीदार म्हणून पाहिले नाही, हेही सांगावयास हवे. हे मुकादम गुन्हेगार होते, आणि कंपनीच्या दुकानाच्या खात्यावर कर्जबाजारी झालेले कैदीही होते. दुकानात वस्तूंचे भाव अवाच्या सवा लावले जात. केसमेंट यांनी भांडून त्यांच्या खात्यांतील रकमा कमी करवून घेतल्या. नोव्हेंबरात परत निघताना त्यांनी आणखी एक दूरदृष्टी दाखवली. जबान्या दिलेले लोक इकितोसमध्ये उतरले तर आरानाच्या वजनाखालचे अधिकारी त्यांना खोट्या आरोपाखाली अडकवतील, अशी त्यांना भीती होती. म्हणून त्यांतील पुष्कळांना त्यांनी बायकामुलांसह अलीकडेच, ब्राझीलच्या हद्दीजवळ जावारी नदीच्या मुखाशी उतरवले. सीमेवरचे गाव गुन्हेगाराला जसे सोयीचे असते, तसा सीमेचा उपयोग साक्षीदारालाही करता येतो. केसमेंट स्वतः मात्र इकितोसला गेले आणि पुन्हा त्याच लोकांच्या पंगतीला बसले.

एक गोष्ट आम्हांला खटकते, आणि ती आम्ही लपवीत नाही. ला चोरेरा येथून त्यांनी दोन इंडियन मुलांना बरोबर घेतले. ओमारिनो या लहान मुलाच्या बदल्यात त्यांनी सदरा आणि विजार दिली. दुसरा आरेदोमी नावाचा तरुण होता. लंडनच्या लोकांनी या जमातींची माणसे डोळ्यांनी पाहावीत, म्हणजे त्यांना कणव येईल, हा त्यांचा हेतू होता. १९११ साली हे दोघे लंडनला पोहोचले, चित्रकार रोदनस्टाइन यांच्यासमोर बसले, पाहुण्यांपुढे उभे केले गेले. त्याच वर्षी केसमेंट पुन्हा अॅमेझॉनला निघाले तेव्हा त्यांना सोबत परत घेऊन गेले. वस्तूच्या बदल्यात माणूस मिळतो ही जी गोष्ट थांबवण्यासाठी ते गेले होते, तिच्याच मार्गाने ओमारिनो त्यांच्याकडे आला. हेतू चांगला होता एवढ्याने आमचे समाधान होत नाही.

१९११ च्या आरंभी त्यांनी आपले अहवाल सादर केले. बारा वर्षांत पुतुमायो खोऱ्यातून सुमारे चार हजार टन रबर बाहेर गेले आणि त्यापायी तीस हजार इंडियनांचे जीव गेले, असा त्यांचा अंदाज होता. नेमक्या आकड्याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, गुन्ह्याबद्दल नाहीत. त्याच वर्षी पेरूचे न्यायाधीश रोमुलो पारेदेस स्वतंत्रपणे त्या खोऱ्यात जाऊन आले आणि त्यांनाही तेच आढळले. दोनशेहून अधिक लोकांवर अटकेचे हुकूम निघाले. केसमेंट यांना सर ही पदवी मिळाली. ऑक्टोबर १९११ मध्ये ते पुन्हा इकितोसला उतरले तेव्हा दिसले ते एवढेच, की हुकूम कागदावर होते आणि बहुतेक आरोपी मोकळे होते. काहींना तर आधीच सूचना मिळून ते सीमेपलीकडे गेले होते.

ख्रिस्तसभेच्या दृष्टीने १९१२ हे वर्ष महत्त्वाचे आहे. संत पोप पायस दहावे यांनी दक्षिण अमेरिकेतील इंडियनांची स्थिती पाहण्यासाठी आपला प्रतिनिधी आधीच पाठवला होता. ७ जून १९१२ रोजी त्यांनी लॅटिन अमेरिकेतील सर्व आर्चबिशप व बिशपांना उद्देशून एक विश्वपत्र काढले. लाक्रिमाबिली स्तातू या लॅटिन शब्दांनी त्याची सुरुवात होते. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४१ साली याच विषयावर काढलेल्या आदेशाचे त्यांनी स्मरण केले, म्हणजे पावणेदोनशे वर्षे जे सांगून झाले होते तेच पुन्हा सांगण्याची वेळ आली होती. परंतु त्यांनी केवळ खेद व्यक्त केला नाही. इंडियनांना गुलाम करणे, विकणे, विकत घेणे, त्यांना बायकामुलांपासून तोडणे हे घोर पाप ठरवून त्या पापाची क्षमा देण्याचा अधिकार त्यांनी त्या त्या ठिकाणच्या धर्मप्रांताधिकाऱ्यांकडे राखून ठेवला. आमच्या वाचकांना या तरतुदीचे वजन कळावे म्हणून थोडे स्पष्ट करतो : रबराचा व्यापारी नेहमीच्या धर्मगुरूकडे जाऊन पापनिवेदन करून मोकळा होऊ शकत नव्हता. त्याला बिशपांसमोर उभे राहणे भाग होते. पुढच्याच महिन्यात, जुलै १९१२ मध्ये, केसमेंट यांचा अहवाल ब्रिटिश पार्लमेंटच्या वतीने प्रसिद्ध झाला. पुतुमायो खोऱ्यात कॅथलिक मिशन असावे यासाठी इंग्लंडमध्ये निधी गोळा करण्यात केसमेंट यांनी हातभार लावला, आणि १९१३ साली फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचा लहान गट ला चोरेरा येथे पोहोचला. ते मिशन काही वर्षेच टिकले.

आरानाला १९१३ साली लंडनला येऊन पार्लमेंटच्या समितीसमोर उत्तरे द्यावी लागली. समितीने इंग्रज संचालकांवर अक्षम्य निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही. कंपनी बुडाली, आराना राहिला. तो पुढे आपल्या प्रांताचा सेनेटर झाला आणि १९५२ साली वारला. इकितोसची भरभराट संपवली ती न्यायालयाने नव्हे, बाजाराने. १८७६ साली ब्राझीलमधून इंग्लंडला नेलेल्या रबराच्या सत्तर हजार बियांपासून जी रोपे तयार झाली, त्यांच्या वंशातील मळे सिलोन आणि मलाया येथे तोवर चीक देऊ लागले होते. आपल्या केरळातील रबराची झाडेही त्याच वंशाची. मळ्यातले रबर स्वस्त पडू लागताच अरण्यातील रबराचा भाव कोसळला. पुतुमायोच्या उत्तरेचा प्रदेश १९२२ च्या करारानुसार कोलंबियाकडे गेला, आणि ला चोरेरा येथील आरानाच्या पेढीच्या इमारतीत पुढे त्याच जमातींच्या मुलांची शाळा भरू लागली. २०१२ साली कोलंबियाच्या राष्ट्राध्यक्षांनी या लोकांची जाहीर क्षमा मागितली.

केसमेंट यांच्या नशिबी मात्र वेगळाच शेवट होता. काँगो आणि पुतुमायो पाहिल्यावर त्यांना आपला स्वतःचा देशही परसत्तेखाली असल्याचे दिसू लागले. १९१३ साली त्यांनी सरकारी सेवा सोडली आणि आयर्लंडच्या स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेतली. पहिले महायुद्ध सुरू होताच ते शस्त्रांच्या मदतीसाठी जर्मनीला गेले. या मार्गाविषयी आयर्लंडमध्येही दुमत होते आणि आम्ही त्याचा निवाडा करू इच्छीत नाही. २१ एप्रिल १९१६ रोजी, उत्तम शुक्रवारी पहाटे, जर्मन पाणबुडीने त्यांना आयर्लंडच्या केरी प्रांतातील बाना या किनाऱ्यावर उतरवले. त्याच दिवशी ते पकडले गेले. जून महिन्यात लंडनमध्ये १३५१ सालच्या कायद्याखाली राजद्रोहाचा खटला चालला आणि मृत्युदंडाची शिक्षा झाली.

दया दाखवावी म्हणून जगभरातून अर्ज येऊ लागले, तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांनी त्यांच्या खाजगी रोजनिश्यांची पाने वजनदार लोकांत गुपचूप फिरवली. त्यांत पुरुषांशी असलेल्या लैंगिक संबंधांच्या नोंदी होत्या. पुष्कळांनी अर्जावरील आपली सही मागे घेतली. त्या नोंदी बनावट आहेत असे आयर्लंडमध्ये कित्येक दशके मानले जात होते. २००२ साली झालेल्या हस्ताक्षर तपासणीत त्या अस्सल ठरल्या, तरी वाद पुरता मिटलेला नाही. या रोजनिश्यांत १९०३ आणि १९१० या दोन वर्षांच्याही आहेत, म्हणजे नेमक्या काँगोच्या आणि पुतुमायोच्या. असा मनुष्य विश्वासार्ह कसा, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि अजूनही विचारला जातो. आमचे उत्तर असे, की वितोतो लोकांच्या पाठीवरचे वळ केसमेंट यांच्या चारित्र्यावर अवलंबून नव्हते. साल्दान्या रोका यांनी ते आधी सांगितले होते, न्यायाधीश पारेदेस यांनी नंतर पाहिले. रात्री त्यांनी कशाचीही नोंद केलेली असो, दिवसा त्यांनी काट्यावर ठेवलेले ओझे तेवढ्याच वजनाचे होते.

लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत येण्याची इच्छा व्यक्त केली. कार्डिनल बोर्न यांनी अट घातली की आपल्या सार्वजनिक व खाजगी कृत्यांनी झालेल्या पापनिमित्ताबद्दल त्यांनी लेखी पश्चात्ताप व्यक्त करावा. केसमेंट यांनी तसे लिहून देण्याचे नाकारले. कार्डिनलांची बाजू आम्ही समजू शकतो, पण शिक्षेला थोडेच दिवस उरले होते. अशा वेळी तुरुंगातील धर्मगुरूंनी ऱ्हिल येथील ती जुनी नोंद पुढे आणली. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी एका आईने मुलाला कडेवर घेऊन केलेला तो संस्कार वैध होता. ज्याचा स्नानसंस्कार झालेला आहे त्याला ख्रिस्तसभेत नव्याने प्रवेश देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, त्याला केवळ तिच्याशी समेट करावयाचा असतो, आणि मृत्यूच्या दारातील माणसासाठी तो अधिकार साध्या धर्मगुरूलाही असतो. त्यांनी पापनिवेदन केले. ३ ऑगस्ट १९१६ च्या सकाळी त्यांनी मिस्सा ऐकली आणि प्रथमच ख्रिस्तप्रसाद घेतला. त्यानंतर नऊ वाजता त्यांना फाशी देण्यात आली आणि तुरुंगाच्या आवारातच पुरण्यात आले.

त्यांच्या अस्थी मिळाव्यात म्हणून आयर्लंडने जवळजवळ पन्नास वर्षे मागणी केली. उत्तर आयर्लंडमधील मर्लो बे या समुद्रकाठच्या जागी आपल्याला पुरावे अशी त्यांची इच्छा होती. १९६५ साली ब्रिटिश सरकारने अस्थी परत केल्या, पण त्या उत्तर आयर्लंडमध्ये नेऊ नयेत अशी अट घातली. म्हणून १ मार्च १९६५ रोजी डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीत त्यांचा दफनविधी सरकारी इतमामाने झाला. ब्याऐंशी वर्षांचे राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरा डॉक्टरांचा सल्ला मोडून, बोचऱ्या थंडीत उघड्या डोक्याने कबरीपाशी उभे राहिले. मर्लो बे तेथून उत्तरेस, सीमेच्या पलीकडे आहे.